मंगल कार्यालयाचं बुकिंग आणि सेल्सफोर्स: मुंबईत सीआरएम अ‍ॅडमिन व्हायचं तर

सोमवारी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला फोन वाजला की पलीकडचं वाक्य साधारण ठरलेलं असतं. "मॅडम, माझ्या लीड्स गायब झाल्यात." लीड म्हणजे विचारणा करून गेलेला, अजून पक्का न झालेला ग्राहक. लीड्स कुठेही गेलेल्या नसतात. बहुतेक वेळा फोन करणाऱ्या सेल्सच्या मुलाने यादीला 'या आठवड्यात आलेल्या' असा फिल्टर लावून ठेवलेला असतो आणि सोमवार उजाडल्यावर आठवडा बदललेला असतो. पण कधी कधी खरंच काहीतरी घडलेलं असतं. कुणीतरी मालकी बदललेली असते, बढतीनंतर रोल चुकीचा लागलेला असतो, नाहीतर डुप्लिकेट समजून दोन लीड्स एकत्र केलेल्या असतात. यातलं नेमकं काय झालंय हे पाच-दहा मिनिटांत ओळखायचं आणि पुढच्या सोमवारी तोच फोन येणार नाही अशी सोय करायची, हे सीआरएम अ‍ॅडमिनचं काम.

सीआरएम म्हणजे ग्राहकाचा सगळा इतिहास एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर: विचारणा कधी आली, कोण बोललं, काय भाव ठरला, पैसे आले का, नंतर तक्रार आली का. डेव्हलपर कोड लिहितो. अ‍ॅडमिनचं बरंचसं काम कोडशिवाय चालतं: नवीन माणसाला लॉगिन देणं, कुणाला काय दिसावं ते ठरवणं, फील्ड (म्हणजे माहिती भरायचे रकाने) आणि नियम बनवणं, रिपोर्ट काढून देणं, डेटा साफ ठेवणं.

मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. केलं आणि अंधेरीत एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसात चार वर्षं एमआयएस केलं, म्हणजे रोज संध्याकाळी सहाच्या आत शाखांचे आकडे एक्सेलमध्ये जुळवून मेल टाकायचे. आज मागे वळून पाहताना वाटतं की या कामाची खरी शिकवणी तिथेच झाली. महिनाअखेरीला सेल्सवाले खोट्या तारखा का टाकतात, शाखा मॅनेजर कोणता आकडा लपवतो, एकच ग्राहक तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने का येतो, हे मला सॉफ्टवेअर उघडण्याआधीच माहीत होतं. सॉफ्टवेअर सहा-आठ महिन्यांत शिकता येतं. धंदा कसा चालतो हे मात्र कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत. त्यामुळे तुम्ही कॉल सेंटरला असाल, बँकेच्या बॅक ऑफिसात असाल, बिल्डरकडे साइट ऑफिसला असाल, तर तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही आहात.

कुठलं सॉफ्टवेअर धरायचं

एकच धरा. सुरुवातीला तीन सॉफ्टवेअर्सचा काला करणारे लोक मुलाखतीत कुठल्याच एकाबद्दल नीट बोलू शकत नाहीत.

मोठ्या कंपन्या आणि त्यांची कामं घेणाऱ्या कन्सल्टिंग कंपन्यांमध्ये सेल्सफोर्स या सीआरएमची मागणी जास्त दिसते. ही कंपनी १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली आणि सॉफ्टवेअर सीडीवरून इन्स्टॉल करण्याऐवजी ब्राउझरमधून वापरायला देणाऱ्या पहिल्या काहींपैकी ती एक. मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स काही ठिकाणी दिसतं. छोट्या-मध्यम धंद्यांत झोहो, फ्रेशवर्क्स, लीडस्क्वेअर्ड ही आपल्याकडची नावं बरीच ऐकू येतात. झोहो सीआरएमची तीन जणांपर्यंतची आवृत्ती फुकट आहे. काकांचं हार्डवेअरचं दुकान असेल किंवा मामाचा ट्रॅव्हल्सचा धंदा असेल, तर तिथे झोहो लावून देणं हा खरा अनुभव ठरतो.

माझा सल्ला सेल्सफोर्सचा आहे, कारण त्याचं शिकण्याचं साहित्य फुकट आणि भरपूर आहे, आणि एक नीट कळलं की दुसऱ्यावर जायला फार वेळ लागत नाही. पुढचं सगळं त्याच्याच भाषेत लिहिते.

क्लास लावू का?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून आधीच सांगते. सेल्सफोर्सने २०१४ पासून ट्रेलहेड नावाचं स्वतःचं शिकण्याचं व्यासपीठ चालवलंय. ते फुकट आहे. धडा वाचायचा, मग सरावासाठी मिळालेल्या वेगळ्या सेल्सफोर्समध्ये ते करून दाखवायचं आणि यंत्रणा स्वतः तपासून गुण देते. याशिवाय डेव्हलपर एडिशन म्हणून तुमचं स्वतःचं सेल्सफोर्स फुकट उघडता येतं. त्यात डेटाला जागा फक्त ५ एमबी, म्हणजे साधारण अडीच हजार नोंदी, पण शिकायला ती पुरून उरते. मधूनमधून लॉगिन करत राहा, फार दिवस फिरकला नाहीत तर ते बंद केलं जातं.

मी क्लास लावला होता. स्टेशनबाहेरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, 'शंभर टक्के प्लेसमेंट' असा बोर्ड. चार महिने जे शिकवलं ते ट्रेलहेडवरचंच होतं, फक्त प्रोजेक्टरवर. प्लेसमेंट म्हणजे काय, तर शेवटी त्यांनी माझ्या बायोडेटात तीन वर्षांचा सेल्सफोर्सचा अनुभव घुसवून दिला आणि म्हणाले, कुणी विचारत नाही. विचारतात. पार्श्वभूमी तपासणीत पीएफची नोंद बघतात आणि तुम्ही कोणत्या महिन्यात कुठे कामाला होता ते यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, लख्ख दिसतं. ऑफर हातात येऊन गेलेली मुलं मी पाहिली आहेत. शिस्तीसाठी क्लास हवाच असेल तर लावा, पण शिकवणाऱ्याने स्वतः कुठे काम केलंय ते विचारा, आणि अनुभवाचं पत्र विकणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

लॅपटॉप मात्र लागतो. सगळं ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही चालेल. मोबाइलवर धडे वाचता येतात. डोंबिवली-ठाणे प्रवासात मी तेच करायची, बसायला मिळालं तर. पण हात चालवायला पडदा मोठा हवा. घरी जागा नसेल तर जवळच्या वाचनालयाची अभ्यासिका गाठा. मी आठवड्याचे चार दिवस रात्री दीड तास आणि रविवारी सकाळी असा वेळ काढला. रोज चार तास बसायचं ठरवणारे बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात सोडतात.

शिकायचं कसं: एक मंगल कार्यालय बांधा

ट्रेलहेडचे बॅज, म्हणजे धडा पूर्ण केल्यावर मिळणारे बिल्ले, गोळा करणं हे पत्त्यांच्या डावासारखं व्यसन आहे. शंभर बॅज असलेली माणसं मुलाखतीत 'लीड आणि अपॉर्च्युनिटीत फरक काय' या प्रश्नावर चाचपडताना मी ऐकली आहेत. म्हणून पहिले पंधरा-वीस बॅज झाले की थांबा आणि ओळखीचा एक धंदा डेव्हलपर एडिशनमध्ये पूर्ण उभा करा. मी मंगल कार्यालय निवडलं होतं. माझ्या आत्याच्या यजमानांचं ठाण्याला एक होतं आणि तिथल्या वहीत काय काय घोळ होतात ते मी लहानपणापासून ऐकत आले होते.

फोन आला, "मे महिन्यात हॉल मिळेल का?" ही लीड. अजून नाव, नंबर आणि अंदाजे महिना एवढंच माहीत आहे. मंडळी हॉल बघून गेली, तारीख बोलू लागली, की लीड कन्व्हर्ट करायची. त्यातून तीन गोष्टी तयार होतात: अकाउंट, म्हणजे ते कुटुंब, कॉन्टॅक्ट, म्हणजे मुलीचे वडील, मामा, जो कोणी बोलतोय तो, आणि अपॉर्च्युनिटी, म्हणजे ते बुकिंग. एका अकाउंटला अनेक कॉन्टॅक्ट असू शकतात, आणि लग्नघरात असतातच. दोन वर्षांनी त्याच घरातली मुंज आली तर अकाउंट तेच, अपॉर्च्युनिटी नवी. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मं सेल्सफोर्स बसलं.

आता बुकिंगचे टप्पे लिहा: हॉल पाहिला, तारीख धरली, टोकन आलं, पूर्ण पैसे आले, रद्द. इथून खरी मजा सुरू होते, कारण प्रत्येक टप्प्यावर वहीतला एकेक घोळ समोर येतो.

पहिला घोळ: पावती न फाडता 'टोकन आलं' असं लिहून मोकळं होणं. त्यासाठी व्हॅलिडेशन रूल, म्हणजे चुकीची नोंद सेव्ह होऊ न देणारा नियम. नवशिके इथे हमखास उलटं लिहितात. रूलमध्ये बरोबर परिस्थिती लिहायची नसते, चूक लिहायची असते. म्हणजे 'टप्पा टोकन आहे आणि पावती क्रमांक रिकामा आहे'. हे खरं ठरलं की सेव्ह अडतं. आणि अडल्यावर दिसणारा संदेश माणसासारखा लिहा: 'पावती क्रमांक टाका, मग टोकन मार्क होईल.' 'इनव्हॅलिड इनपुट' असं लिहिलंत की संध्याकाळपर्यंत तीन फोन येतात.

दुसरा घोळ: तारीख धरून ठेवणारे. 'घरी विचारून सांगतो' म्हणून गेलेली मंडळी महिनाभर फिरकत नाहीत आणि मुहूर्ताची तारीख अडकून पडते. यासाठी फ्लो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारी साखळी. टप्पा 'तारीख धरली' झाल्यापासून सात दिवसांनी टोकन आलेलं नसेल तर मॅनेजरच्या नावावर फोन करण्याचं टास्क आपोआप तयार व्हावं. ऑटोमेशनसाठी आता फ्लोच शिका. जुन्या व्हिडिओंमध्ये वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर ही त्याच कामाची जुनी साधनं दाखवतात, पण त्या दोन्हींचा सपोर्ट कंपनीने २०२५ च्या डिसेंबरअखेर संपवला. जुन्या कंपन्यांत ते अजून चालू असलेले सापडतील, तेव्हा वाचता येण्यापुरते ओळखीचे असू द्या.

तिसरा घोळ सगळ्यात वाईट: एका हॉलला, एका तारखेला, एकाच सत्रात दोन लग्नं. आत्याकडे हे एकदा झालं होतं. त्याचं वर्णन अजून प्रत्येक कार्यात होतं. सेल्सफोर्समध्ये याला एक साधी युक्ती आहे. एक मजकुराचं फील्ड बनवा आणि त्याला 'युनिक' करा, म्हणजे तीच किंमत दोन नोंदींत चालणार नाही. टोकन आल्यावर सेव्ह होण्याआधी फ्लोने त्यात हॉल, तारीख आणि सत्र जोडून भरायचं. दुसऱ्या कुणाचं टोकन त्याच जोडणीवर आलं की सिस्टिम सेव्हच करू देत नाही. बुकिंग रद्द झालं तर फ्लोने ते फील्ड रिकामं करायचं, नाहीतर तारीख कायमची अडकेल. तारीख नुसती धरलेली असताना हे फील्ड भरायचं नाही, कारण दोन घरांनी एकच तारीख धरणं हे धंद्यात चालतं, टोकन ज्याचं आधी त्याची तारीख. हा शेवटचा बारकावा मला सॉफ्टवेअरने शिकवला नाही. तो कार्यालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या मॅनेजरने सांगितला.

हप्त्यांसाठी वेगळं ऑब्जेक्ट, म्हणजे नोंदींचा वेगळा तक्ता, करा आणि ते बुकिंगला मास्टर-डिटेल या घट्ट नात्याने जोडा, म्हणजे सगळ्या हप्त्यांची बेरीज करणाऱ्या रोल-अप समरीने एकूण जमा रक्कम वर दिसेल. लुकअप या सैल नात्यावर ते रोल-अप मिळत नाही. हा मुलाखतीतला आवडता प्रश्न आहे.

हे सगळं मला दोन महिने लागलं, चार वेळा पाडून पुन्हा बांधण्यासह. पण नंतरच्या प्रत्येक मुलाखतीत मी याच कार्यालयाबद्दल बोलले.

कुणाला काय दिसतं

अ‍ॅडमिनची खरी परीक्षा इथे होते. चाळ आणि टॉवर आठवा. चाळीत दिवसभर दारं उघडी, कुणीही कुणाच्या घरात डोकावतं. टॉवरमध्ये प्रत्येक दाराला लॅच. कंपनीचा डेटा मुळात चाळ असावा की टॉवर, हे 'ऑर्ग-वाइड डिफॉल्ट' ठरवतं. नियम असा की आधी जास्तीत जास्त बंद ठेवायचं, मग गरजेपुरतं उघडायचं. उघडण्याचे रस्ते वेगळे: रोल हायरार्कीमुळे, म्हणजे पदांच्या उतरंडीमुळे, वरच्याला खालच्याचं दिसतं, शेअरिंग रूलमुळे दादर शाखेचं ठाणे शाखेला दिसू शकतं.

पण त्याआधी वॉचमन आहे. प्रोफाइल आणि परमिशन सेट हे ठरवतात की तुम्ही इमारतीत शिरू शकता का, आणि शिरून नुसतं बघायचं की काही हलवायचंही. दार उघडं असून वॉचमनने अडवलं तर उपयोग नाही, आणि वॉचमनने सोडलं पण दाराला लॅच असेल तरीही नाही. दोन्ही लागतात. घरात गेल्यावर कपाटाला वेगळं कुलूप असतं, ती फील्ड-लेव्हल सिक्युरिटी. ग्राहकाचा पॅन क्रमांक टेलिकॉलरला दिसायची गरज नसते, तो कपाटात.

मुलाखतीत 'युजरला रेकॉर्ड दिसत नाही, काय तपासाल?' असं विचारलं की याच क्रमाने बोला: युजर चालू आहे का, ऑब्जेक्टची परवानगी आहे का, ऑर्ग-वाइड डिफॉल्ट काय, रोल कुठला, शेअरिंग रूल लागू आहे का. आणि हसून सांगा की सर्वात आधी मी यादीवरचा फिल्टर बघेन. मला एका मुलाखतीत या उत्तरावर समोरच्या बाईंनी पुढचे दोन प्रश्न सोडून दिले होते.

एक्सेल, आणि माझा शुक्रवार

डेटा चढवण्याचं काम नव्या अ‍ॅडमिनकडे पहिल्याच महिन्यात येतं. ५०,००० नोंदींपर्यंत डेटा इम्पोर्ट विझार्ड चालतो, त्याहून मोठ्या कामाला डेटा लोडर. ही दोन्ही सेल्सफोर्सचीच साधनं. बटणं सोपी आहेत. फाइलमध्ये मात्र सुरुंग पेरलेले असतात: एक्सेल आकड्यांपुढची शून्यं खातं, मोबाइल नंबरचं भलतंच काहीतरी करतं, आणि ०५/०६ ही पाच जून की सहा मे हे सेटिंगप्रमाणे बदलतं.

मी या कामात नवी असताना दोन शाखा एकत्र झाल्या आणि चौदाशे लीड्सची मालकी बदलायची होती. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजले होते, सहा-बाराची फास्ट पकडायची होती. रिपोर्टमधून लीड्सचे आयडी काढले, एक्सेलचं जुळणी शोधणारं सूत्र व्हीलूकअप मारून शेजारी नवे मालक लावले, फाइल चढवली, सगळं हिरवं. शनिवारी सकाळी बोरिवलीचा मुलगा फोनवर ओरडत होता, त्याचे ग्राहक पनवेलच्या मुलाच्या नावावर गेले होते.

झालं असं की रिपोर्टमधून मिळणारा आयडी १५ अक्षरी असतो आणि त्यात लहान आणि मोठ्या लिपीतलं इंग्रजी अक्षर वेगळं धरलं जातं, म्हणजे तेवढ्या फरकानेही दोन वेगळे आयडी होतात. व्हीलूकअपला हा फरक कळत नाही. त्याला दोन्ही सारखेच, जो आधी सापडला तो उचलला. उपाय म्हणजे १८ अक्षरी आयडी वापरायचा. डेटा लोडरने एक्सपोर्ट केला तर तोच मिळतो, किंवा केस-सेफ आयडीचं फॉर्म्युला फील्ड बनवता येतं. माझं नशीब की मालकीच्या फील्डवर हिस्टरी ट्रॅकिंग, म्हणजे जुन्या बदलांची नोंद, चालू होतं, त्यावरून रविवारी बसून जुने मालक परत लावले. तेव्हापासून तीन गोष्टी करते. चढवण्याआधी आहे तो डेटा जसाच्या तसा काढून तारीख घालून ठेवते, आधी पाचच ओळी चढवून डोळ्यांनी बघते, आणि शुक्रवारी चारनंतर काहीही चढवत नाही.

परीक्षा

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परीक्षा आता प्लॅटफॉर्म अ‍ॅडमिनिस्ट्रेटर या नावाने ओळखली जाते. गुण धरले जाणारे ६० बहुपर्यायी प्रश्न, १०५ मिनिटं, पास व्हायला ६५ टक्के. फी २०० डॉलर अधिक कर, पुन्हा बसायचं तर १०० डॉलर. रुपयांतला आकडा भरण्याआधी अधिकृत पानावर बघा आणि तुमची कंपनी ही फी परत देते का ते एचआरला विचारा, अनेक ठिकाणी देतात आणि कुणी मागतच नाही. काही प्रश्नांत दोन किंवा तीन पर्याय निवडायचे असतात आणि सगळे बरोबर आले तरच गुण.

घरून देता येते, पण खोलीत दुसरं कुणी येऊन चालत नाही. वन-रूम-किचनमध्ये हे जमवणं म्हणजे घरच्यांना दोन तास गच्चीवर पाठवणं. मी केंद्रावर जाऊन दिली. प्रश्नांचे 'डम्प', म्हणजे परीक्षेतून चोरलेले प्रश्न-उत्तरं, टेलिग्रामवर फिरतात. पकडले गेलात तर प्रमाणपत्र रद्द होतं, आणि त्यातली निम्मी उत्तरं चुकीची असतात हा वेगळाच विनोद.

प्रमाणपत्राने नोकरी मिळत नाही, बायोडेटा उघडला जातो. पण तेही काही कमी नाही.

मुंबईत नोकरी शोधताना

आधी एक सापळा. मुंबईत बिल्डरांच्या जाहिरातीत 'सीआरएम एक्झिक्युटिव्ह' असं लिहिलेलं दिसेल. त्याचा सॉफ्टवेअरशी काही संबंध नसतो. फ्लॅट विकल्यानंतर ग्राहकाकडून हप्ते गोळा करणं, अ‍ॅग्रीमेंट, रजिस्ट्रेशन, पझेशन सांभाळणं, असं ते काम. माझ्या मैत्रिणीने अशी नोकरी घेऊन पहिला महिना डिमांड लेटर पाठवण्यात घालवला. जाहिरातीत प्रोफाइल, फ्लो, रिपोर्ट, डेटा लोडर हे शब्द आहेत का ते बघा.

उलट, काही खऱ्या जागा भलत्याच नावाने येतात: सेल्स ऑपरेशन्स, बिझनेस सिस्टिम्स, सीआरएम सपोर्ट, कधी नुसतं एमआयएस. या शहरात बँका, विमा, म्युच्युअल फंड, कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था, औषध कंपन्या आणि बांधकाम व्यवसाय यांची गर्दी आहे, आणि या सगळ्यांकडे फिरून विकणारी मोठी फौज असते. जिथे फौज तिथे सीआरएम. वित्तवाले बीकेसी आणि लोअर परळला, आयटी आणि कन्सल्टिंगवाले ऐरोली, पवई, गोरेगाव, मालाड या पट्ट्यात जास्त. घर आणि ऑफिसमधला प्रवास मोजूनच ऑफर घ्या. कल्याण-डोंबिवलीहून ऐरोली ठाण्याला गाडी बदलून जमतं, बीकेसीला कुर्ल्याला उतरून पुढे रिक्षा किंवा बसच्या रांगेत उभं राहावं लागतं. या शहरात ते कारण हलकं समजू नये.

सर्वात जवळचा रस्ता मात्र तुमच्या सध्याच्या कंपनीतून जातो. तिथे सीआरएम असेल तर अ‍ॅडमिनला जाऊन भेटा. नवीन बदल लाइव्ह होण्याआधी युजर टेस्टिंगला माणसं मिळत नाहीत, ते काम मागून घ्या. चुका नीट लिहून द्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सोबत स्क्रीनशॉट. अशी दोन-तीन टेस्टिंग केलीत की अ‍ॅडमिन स्वतःच्या सुट्टीत तुमचं नाव सुचवतो. मी अशीच आले.

तसं नसेल तर सेवाभावी संस्था शोधा. सेल्सफोर्स पात्र संस्थांना १० लायसन्स देणगी म्हणून देतं, आणि ती घेऊन नंतर कपाटात पडलेल्या संस्था असतात. देणगीदारांची यादी नीट लावून देण्यासाठी शनिवार देऊ शकलात तर बायोडेटात सांगण्यासारखं काम होतं. आणि ट्रेलब्लेझर कम्युनिटी, म्हणजे सेल्सफोर्स वापरणाऱ्यांचा गट, तिच्या मुंबईतल्या बैठकांना जा. त्या फुकट असतात. पहिल्या वेळी गप्प बसलात तरी चालेल, दुसऱ्या वेळी एक प्रश्न विचारा.

इंग्रजीबद्दल: मराठी माध्यमातून आलेल्यांना मुलाखतीची धास्ती असते, मलाही होती. मी मंगल कार्यालयाची सगळी गोष्ट आधी आईला मराठीतून सांगितली. तिला कळेपर्यंत. मग तीच आरशासमोर इंग्रजीतून, सात-आठ मिनिटांत बसवली. मुद्दे पक्के असले की व्याकरण थोडं लंगडलं तरी समोरचा ऐकून घेतो.

पहिले तीन महिने

नवीन जागी गेल्यावर हात शिवशिवतात. काही बदलू नका. आधी सेल्सवाल्यांसोबत एक दिवस बाहेर फिरा. तो मुलगा कुर्ल्याच्या पुलाखाली बाइक लावून, हेल्मेट हातात घेऊन, एका अंगठ्याने तुमचा फॉर्म भरत असतो. तुम्ही ऑफिसात बसून बावीस फील्ड्स सक्तीची केलीत तर तो नावात 'एबीसी' टाकणार आणि मोबाइलच्या जागी दहा वेळा नऊ. मग वरचे म्हणणार, डेटा खराब आहे. कुणीही नवीन फील्ड मागितलं की मी तीनच प्रश्न विचारते: भरणार कोण, बघणार कोण, आणि ते बघून काय वेगळं करणार? तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तर फील्ड होत नाही. मॅनेजर नाराज होतात. होऊ देत.

बदल करायचा तो आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीत, मग लाइव्ह. एका साध्या एक्सेलमध्ये तारीख, काय बदललं, कोणी मागितलं हे लिहीत जा. सहा महिन्यांनी 'हे कुणी केलं?' असा मेल येतो आणि त्यात सगळ्यांना सीसी असतं.

नोकरी सोडणाऱ्याचा युजर त्याच दिवशी बंद करा. सेल्सफोर्समध्ये युजर डिलीट होत नाही, डीअ‍ॅक्टिव्हेट होतो, आणि लगेच तेवढं शक्य नसेल तर फ्रीझ करता येतो. त्याआधी रिपोर्ट एक्सपोर्ट करण्याची परवानगी नेमकी कुणाकुणाला आहे ते बघून ठेवा. ग्राहकांची यादी पेन ड्राइव्हवर घेऊन समोरच्या कंपनीत जाणं हा जुना धंदा आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तो फक्त धंद्याचा तोटा उरलेला नाही. कुणाचा आधार क्रमांक साध्या 'रिमार्क्स'च्या रकान्यात लिहिलेला सापडला तर तो आधी काढायला लावा.

एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः करणारे एआय प्रोग्राम, आल्यावर अ‍ॅडमिनचं काम जाईल का, असं हल्ली सगळे विचारतात. फॉर्म्युला लिहून द्यायला ते आता बरे आहेत, मीही वापरते. पण एजंटला कुठला डेटा दिसावा हे ठरवताना पुन्हा तोच वॉचमन, तेच लॅच आणि तेच कपाट पुढे येतं, आणि ते लावायला सध्या तरी माझ्याच टेबलावर तिकीट येतंय.

एक शेवटची नोंद, कारण मी ती विसरले होते: सेल्सफोर्सच्या वर्षाला तीन रिलीज, म्हणजे नव्या आवृत्त्या, येतात, आणि प्रमाणपत्र टिकवायला ट्रेलहेडवर दरवर्षी एक छोटं फुकट मॉड्यूल मुदतीत पूर्ण करावं लागतं. मुदत चुकली तर प्रमाणपत्र जातं आणि परीक्षा पुन्हा, पुन्हा तीच फी. तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, एक महिना आधीची आठवण लावून.